आंबट फळ कधी खावं? ग्रंथांतली तीन उत्तरं

आज एका घरगुती प्रश्नाचा इतिहास पाहू. पचन नीट राहावं म्हणून आंबट फळ कधी खावं? 'आयुर्वेदात सांगितलंय' असं म्हणत कुणी सांगतं सकाळी उपाशीपोटी, कुणी म्हणतं रात्री अजिबात नको. ग्रंथ उघडले की लक्षात येतं, असं एकच उत्तर तिथे नाही. तीन वेगवेगळ्या अंगांनी विचार केलेला आहे.

पहिलं अंग जेवणातल्या क्रमाचं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला ४६ वा अध्याय अन्नपानाचा. तिथे आधी गोड, मध्ये आंबट आणि खारट, शेवटी उरलेले रस, असा क्रम आहे. पण डाळिंबासारखी फळं जेवणाच्या सुरुवातीलाच घ्यावीत, असंही तोच अध्याय सांगतो. आवळ्याला तर आरंभी, मध्ये, शेवटी, केव्हाही मुभा! ही सवलत का, याचा धागा चरकसंहितेत सापडतो. आंबट पदार्थ बहुतेक पित्त वाढवतात, अपवाद डाळिंब आणि आवळ्याचा, असं तिथे म्हटलंय.

दुसरं अंग ऋतूचं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हेमंतात अग्नी प्रखर मानलाय, म्हणून गोड, आंबट, खारट असं जेवण चालतं. पावसाळ्यात अग्नी मंद आणि वात बिघडलेला. झड लागलेल्या दिवशी ठसठशीत आंबट-खारट, स्निग्ध जेवण सांगितलंय. उन्हाळ्यात मात्र खारट, तिखट, आंबट टाळा. म्हणजे कॅलेंडर बदललं की सल्ला बदलतो.

तिसरं अंग सोबतीचं. चरकाने दुधाबरोबर सगळं आंबट विरुद्ध मानलं. त्या यादीत आंबा आहे, डाळिंब आणि आवळासुद्धा आहे. आता गंमत बघा. सोळाव्या शतकातला भावमिश्र दूध-आंब्याची चक्क स्तुती करतो! बलवर्धक म्हणतो, मात्र पचायला जड असंही बजावतो. चरकाच्या यादीचा मुख्य रोख आंबटपणावर आहे आणि भावमिश्राचा आंबा गोड आहे, असा अर्थ लावला तर हा विरोध बराचसा मिटतो. तरी एक गोष्ट उरतेच: शास्त्र एका जागी थांबलं नव्हतं, नंतरचे वैद्य समोरचं फळ पाहून लिहीत होते.

हे सगळं आज कशाला? माधवनिदानात अम्लपित्ताची जी कारणं दिली आहेत, त्यांत आंबट खाणंही आहे. तेव्हा ज्याच्या छातीत रोज जळजळ होते, त्याने 'ग्रंथात आहे' या भरवशावर उपाशीपोटी लिंबू पिळून पिणं म्हणजे त्याच ग्रंथांचं अर्धंच ऐकणं. तिथे आधी विचारतात: फळ कोणतं, ऋतू कोणता, सोबत काय, आणि खाणाऱ्याचा अग्नी कसा? 'कधी' हा प्रश्न त्यानंतरचा.

पुढच्या व्याख्यानात ताकाकडे वळू.