वळिवड्याचा सुईदोरा : कोल्हापूरजवळच्या पोलिश वसाहतीतील कापडाची कथा

कोल्हापूर–मिरज लोहमार्गावर वळिवडे नावाचे एक लहान स्थानक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या परिसरात पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली आणि १९४३ ते १९४८ या पाच वर्षांत तिथे सुमारे ५,००० माणसे राहिली. हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, तेव्हा यावर पुष्कळ लिहिले गेले. त्या लेखनात करार, अधिकारी आणि आभार भरपूर होते. आजचा धागा मात्र वळिवड्याच्या सुईदोऱ्याविषयी आहे.

सुईदोराच का? कारण या वसाहतीत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. कर्ते पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात होते, आणि मे १९४४ मध्ये मोंते कासिनोच्या लढाईत ते इटलीच्या डोंगरउतारावर होते. त्यांचा इतिहास लष्करी दप्तरांत नोंदला गेला. त्यांच्या आया, बायका आणि मुली याच काळात पंचगंगेच्या खोऱ्यात काय करत होत्या, हे शोधायचे तर त्यांच्या हातांकडे पाहावे लागते.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंड गिळला. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत पूर्व पोलंडमधील हजारो घरांची दारे पहाटेच वाजली. सामान बांधायला अर्धा-एक तास, कधी त्याहूनही कमी. मग मालगाडीचे डबे आणि सायबेरिया किंवा उत्तर रशियातील जंगले. हद्दपारीची ही पहिली लाट होती. जून १९४१ पर्यंत अशा एकूण चार लाटा आल्या.

अर्ध्या तासात माणूस घरातून काय उचलतो? हद्दपार झालेल्यांच्या आठवणींत एक वस्तू पुन्हा पुन्हा भेटते, ती म्हणजे ‘प्येझिना’, हंसाच्या पिसांनी भरलेली जाड रजई. पोलिश खेड्यात ही रजई विकत आणायची वस्तू नव्हती. हिवाळ्याच्या लांब संध्याकाळी शेजारणी एकत्र बसत, पिसांच्या काड्यांवरून मऊ भाग सोलून काढत आणि गप्पा, गाणी, भुताखेतांच्या गोष्टी रंगत. मुलगी सासरी जाताना रजई तिच्यासोबत जाई. आमच्या आजीच्या पडवीत उन्हाळ्यातल्या दुपारी वाकळ शिवायला बसणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. आपली वाकळ जुन्या लुगड्यांच्या थरांची, त्यांची रजई पिसांची. पण दोन्हींत घरातल्या बायकांची कित्येक वर्षे भरलेली असतात.

मालगाडीत आणि लाकूडतोडीच्या छावण्यांत या रजयांनी जीव वाचवले. काही कुटुंबांनी शिलाईयंत्रही सोबत घेतले होते, तेही पोट भरायला कामी आले. भूक वाढली तशी एकेक वस्तू विकली गेली. हुंड्यातली भरतकाम केलेली चादर देऊन पीठ, उशीचा अभ्रा देऊन बटाटे. वस्तुविनिमय म्हटले की आपल्याला पाठ्यपुस्तकातील आदिमानव आठवतो. इथे विसाव्या शतकाच्या मध्यावर आपल्या लग्नाची रुखवत बटाट्यांच्या भावाने मोजणाऱ्या स्त्रिया आहेत.

जुलै १९४१ मध्ये पोलंडच्या परागंदा सरकारने सोव्हिएत संघाशी करार केला आणि कैद्यांची सुटका सुरू झाली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून सुमारे १ लाख १५ हजार पोलिश माणसे इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यांत सुमारे ४० हजार सैनिक नसलेले लोक होते, आणि त्यांतही मुलांचे प्रमाण मोठे. टायफसच्या साथीमुळे किनाऱ्यावरच सर्वांची डोकी भादरली गेली आणि अंगावरचे उवांनी भरलेले कपडे जाळले गेले. वैद्यकीयदृष्ट्या ते अपरिहार्यच होते. परंतु दोन वर्षे जपलेल्या कापडाचा मोठा भाग त्या वाळूवर संपला. म्हणजे वळिवड्यात जी माणसे पोहोचली, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे आपल्या गावचे म्हणावे असे फारसे काही उरले नव्हते. त्यांनी इथे जे शिवले, ते बव्हंशी स्मरणातून शिवले, ही गोष्ट पुढे वाचताना ध्यानात ठेवावी.

इराणहून कराचीमार्गे हे लोक भारतात आले. नवानगर संस्थानातील बालाचडीची छावणी मुख्यतः अनाथ मुलांसाठी होती. कुटुंबांसाठीची मोठी वसाहत १९४३ मध्ये वळिवड्यास सुरू झाली.

इथे एक प्रचलित गैरसमज दूर करू. ‘कोल्हापूरच्या महाराजांनी पोलिश लोकांना बोलावले’ असे सरसकट लिहिले जाते. छत्रपती राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्येच निवर्तले होते. १९४३ मध्ये गादीवर दत्तक घेतलेले बालछत्रपती शिवाजी होते. वसाहतीची व्यवस्था भारत सरकारमार्फत झाली आणि खर्चाची जबाबदारी लंडनमधील परागंदा पोलिश सरकारची होती. जागा आणि शेजार कोल्हापूरचा होता. तो शेजार लहान गोष्ट नव्हे. पण बालाचडीच्या जामसाहेबांची कथा उचलून कोल्हापूरला चिकटवणे हा इतिहास नव्हे.

वसाहत म्हणजे बैठ्या बराकींच्या लांबच लांब रांगा, कुटुंबागणिक खोल्या, पुढे पडवी. चर्च, शाळा, इस्पितळ, नाट्यगृह, बालवीरांची पथके. बराकींपुढे फुलझाडे लावली गेली. आसपासच्या गावांतील विक्रेते वसाहतीत येत, आणि त्यांतले काही जण कामापुरती पोलिश भाषा बोलू लागले होते.

आता कापडाकडे येऊ. पोलिश ग्रामीण हस्तकलेचा पाया अळशीच्या धाग्याचे लिनन आणि मेंढीची लोकर. दख्खनमध्ये मिळणार सुती कापड. इथून जवळच्याच इचलकरंजीत १९०४ पासून यंत्रमाग चालू होते, खुद्द कोल्हापुरात १९०६ मध्ये पाया घातलेली शाहू मिल होती. पण १९४३ हे वर्ष कापडासाठी भयंकर होते. गिरण्यांचा माल युद्धाकडे वळला होता, भाव भडकले होते आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये सरकारला सूत व कापडावर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. नेमक्या त्याच सुमारास, अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली पाच हजारांची वस्ती इथे वसू लागली. शिवण, विणकाम, रफू, जुन्यातून नवे करणे हे सारे त्या परिस्थितीत छंद म्हणून झाले नसणार. वाढत्या वयाच्या मुलाची विजार दर सहा महिन्यांनी आखूड होते, आणि तिथे बहुतेक घरांत वाढत्या वयाची मुले होती.

गरजेपुरते शिवून झाल्यावर या स्त्रियांनी आणखी काय शिवले, हा मला अधिक मोलाचा प्रश्न वाटतो. वळिवड्याच्या उपलब्ध छायाचित्रांत मुली क्राकूफच्या लोकवेशात दिसतात. काळसर आखूड जाकीट, त्यावर टिकल्यामण्यांचे भरतकाम, फुलाफुलांचा घागरा, पांढरा एप्रन, गळ्यात मण्यांच्या माळा, केसांत लांब फिती. हे वेश सायबेरियातून येणे शक्य नव्हते. ते प्रवासात किंवा इथेच, मिळेल त्या कापडातून, कुणाच्या तरी आठवणीवरून बेतले गेले असणार.

आणि इथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. वळिवड्यातील बहुतेक कुटुंबे क्राकूफची नव्हतीच! ती पूर्व सीमाभागातली, ल्वुफ, विल्नो, वोविन, पोलेसिये या मुलखांतली. तिथले विणकाम वेगळे, वेश वेगळे. मग मुलींना दूरच्या क्राकूफचा वेश का?

उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे. १७९५ नंतर सव्वाशे वर्षे पोलंड नकाशावर नव्हता. १७९४ च्या उठावात कोश्चुश्कोच्या बाजूने विळे घेऊन लढलेले शेतकरी क्राकूफ परिसरातले होते. स्वतः कोश्चुश्कोनेही त्यांचा अंगरखा घातला, आणि पुढे तोच पोशाख साऱ्या राष्ट्राचे चिन्ह बनला. देश नाहीसा झाल्यावर तो अंगावर कसा वागवायचा, हे पोलिश लोक आधीच एकदा शिकले होते. दिल्लीच्या किंवा लंडनच्या महाराष्ट्र मंडळात विदर्भातली मुलगीही नऊवारी, नथ आणि कोल्हापुरी साज घालूनच लेझीम खेळते, तसेच काहीसे.

पण यातून काही निसटतेही. पोलेसियेच्या आजीला येणारी लाल धाग्याची नक्षी रंगमंचावर आली नाही म्हणून ती नातीपर्यंत पोहोचली नाही, असे किती घरांत झाले असेल? राष्ट्राचे कापड विणताना गावाचे कापड उसवते. वळिवड्याच्या त्या देखण्या छायाचित्रांकडे पाहताना मला हे हटकून आठवते.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला देण्याचे ठरले. जुलैमध्ये ब्रिटनने वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली आणि वसाहतीचा खर्च पाहणारे लंडनचे सरकार परके ठरले. वळिवड्यातील कुटुंबांचा अर्थ एवढाच, की युद्ध जिंकले आणि घर गेले. ज्या गावी परतायचे ते गाव आता दुसऱ्या देशात होते. त्या वर्षी रंगमंचावर क्राकूफचा वेश घातलेली मुलगी अशा पोलंडचा वेश घालून उभी होती, ज्याच्या नव्या सीमेत तिचे जन्मगाव नव्हते. १९४६ मध्ये बालाचडीची मुलेही वळिवड्यात आली. १९४७-४८ मध्ये वसाहत रिकामी झाली. कुणी ब्रिटनला गेले, कुणी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला, काही पोलंडला परतले. पुन्हा सामान बांधले गेले. या वेळी मात्र बांधायला वेळ मिळाला.

त्याच बराकींत १९४८ पासून फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे वसली आणि वसाहतीचे नाव गांधीनगर झाले. आज गांधीनगर ही कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. आमच्या घरी वाकळेला लागणारे अस्तर अनेक वर्षे तिथूनच येई. ते आणताना आपण कुणाच्या अंगणातून चाललो आहोत, हे मला इतिहास शिकायला लागेपर्यंत कुणी सांगितले नव्हते. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश स्मृतिस्तंभ आहे, शहरात पोलिश कबरीही आहेत. पण त्या पाच वर्षांत इथे शिवलेला एखादा रुमाल, एखादी पिशवी, एखादे झबले मी अद्याप पाहिलेले नाही.

म्हणून एक विनंती. वळिवडे, चिंचवाड, उचगाव, गडमुडशिंगी, रुकडी या भागांत ज्यांची जुनी घरे आहेत, त्यांनी आजी-आजोबांना एकदा विचारावे. वसाहतीत दूध, भाजी किंवा कोळसा घालणाऱ्यांना पैशांऐवजी किंवा भेट म्हणून एखादे कापड मिळाले होते का? ट्रंकेच्या तळाशी अनोळखी नक्षीचे काही निघाले, तर ते धुऊ नका, इस्त्री करू नका, उन्हात टाकू नका. दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढा. मागची बाजू विशेष महत्त्वाची. गाठ कुठे मारली आहे आणि दोरा कसा फिरवला आहे, हे तिथेच कळते. आणि ते घरात कसे आले, हे सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून ठेवा. असे काही सापडले तर या धाग्याखाली अवश्य जोडा.