दक्षिणेपासून शिष्यवृत्तीपर्यंत

विद्यार्थ्यास द्रव्यसाहाय्य करणे हे पुण्यकर्म होय, याविषयी आपल्या समाजात फारसा मतभेद कधीच नव्हता. मतभेद होता तो दोन निराळ्या प्रश्नांविषयी. हे साहाय्य कोणास द्यावे, आणि दिल्यावर त्याच्याकडून मोबदला काय मागावा? महाराष्ट्रातील शिष्यवृत्त्यांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहू गेल्यास तो रुपयांच्या आकड्यांचा इतिहास नसून या दोन प्रश्नांना वेळोवेळी मिळालेल्या उत्तरांचा इतिहास आहे, असे आम्हास वाटते. या इतिहासातील कित्येक ठळक प्रसंगांचे धागे आमच्या नाशिक जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतात, म्हणून तो येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

आरंभ पेशवाईतील श्रावणमासच्या दक्षिणेपासून केला पाहिजे. ही प्रथा मूळची सेनापती दाभाड्यांची. 1731 साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले, त्या घराण्यास उतरती कळा लागली, आणि दक्षिणेचा मान पुण्यास पेशव्यांकडे आला. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दरसाल श्रावणात हजारो ब्राह्मण जमत. काशीपासून दक्षिणेपर्यंतचे शास्त्री आणि वैदिक त्यांत असत. विद्वानांची परीक्षा होऊन त्यांस योग्यतेप्रमाणे दक्षिणा मिळे. बाकीच्यांस सरसकट काही ना काही देऊन वाटेस लावीत. खर्चाचा आकडा लाखांच्या घरात जाई. या प्रथेत विद्येचा गौरव होता हे खरे; परंतु परीक्षा देण्याचा अधिकार जन्माने ठरलेला होता, हेही तितकेच खरे. ‘कोणास द्यावे?’ या प्रश्नाचे उत्तर त्या काळी इतके उघड मानले जाई की, तो प्रश्न कोणी विचारीतच नसे.

1818 साली पेशवाई बुडाली. इंग्रजांनी ही दक्षिणा एकदम बंद केली असती तर पुण्यात असंतोष माजला असता, हे एल्फिन्स्टन साहेब जाणून होते. त्यांनी सालीना सुमारे पन्नास हजार रुपये या कामी राखून ठेविले. 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, तिचा खर्चही याच रकमेतून निघाला. पुढे सरकारने नवी नावे दाखल करणे बंद केले. जुने मानकरी हयात असेतोपर्यंत त्यांस रक्कम मिळावी, आणि जसजशी ती मोकळी होईल तसतशी विद्येच्या दुसऱ्या कामी लावावी, असा क्रम ठरला. दान हळूहळू निधी होऊ लागले. हा बदल वरवर हिशेबाचा दिसतो, पण त्यात मोठी क्रांती दडली होती. दान दात्याच्या मर्जीवर चालते. निधीला नियम लागतात, आणि नियम म्हटला की तो न्याय्य आहे की नाही असे विचारण्यास वाव मिळतो.

तसे विचारणारे लवकरच निघाले. 1849 साली पुण्यातील काही तरुण सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की, या निधीचा काही भाग मराठी भाषेत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस द्यावा, आणि त्यात जातीचा निर्बंध नसावा. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख हे त्या मंडळींचे एक पुढारी. शहरात मोठा क्षोभ झाला. अर्जदारांवर हात टाकण्यापर्यंत गोष्ट गेली, आणि जोतीराव फुले यांनी आपली माणसे जमवून त्यांचे संरक्षण केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अर्जाचा परिणाम असा झाला की, 1851 साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथकारांस बक्षिसे मिळू लागली. रमण्यातील दक्षिणेवर पोसलेल्या निधीतून मराठी गद्याचे पोषण व्हावे, हा इतिहासातील एक गोड योगायोग म्हटला पाहिजे.

1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि लौकरच या निधीने आणखी एक रूप घेतले. दक्षिणा फेलोशिप या नावाने हुशार विद्यार्थ्यांस दरमहा वेतन मिळू लागले. फेलोने आपला अभ्यास पुढे चालवावा आणि खालच्या वर्गांस काही तास शिकवावे, अशी योजना होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकर या वेतनाचे आरंभीचे मानकरी. दुसरे माधवराव रानडे. माधवरावांचा जन्म 1842 साली आमच्या जिल्ह्यातील निफाडचा. त्यांस आरंभी दरमहा साठ रुपये व पुढे एकशेवीस रुपये फेलोशिप मिळाली. 1862 साली मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्या चौघांत हे दोघेही होते.

परंतु याच माधवरावांच्या बाबतीत आमचा दुसरा प्रश्न प्रथम उभा राहिला. विद्यार्थिदशेत लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्यास कमी लेखिले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रांट हे विद्वान आणि विद्यार्थ्यांवर प्रेम करणारे गृहस्थ. पण जे सरकार तुला शिक्षण देत आहे त्याचीच निंदा करू नये, अशी त्यांनी माधवरावांस समज दिली आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेविली. वेतन देणाऱ्याने विद्यार्थ्याचा वेळ विकत घेतला होता की त्याचे मत? ग्रांट साहेबांस हे दोन्ही एकच वाटले असावे. माधवरावांनी वाद घातला नाही. त्यांचे उत्तर सावकाश आले. 1900 साली ‘मराठ्यांच्या सत्तेचा उदय’ या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो वाचताना सहा महिन्यांच्या त्या बुडालेल्या वेतनाची आम्हास नेहमी आठवण होते.

सरकारी निधीच्या जोडीला विद्यापीठापाशी खाजगी देणग्याही येऊ लागल्या. त्यांची रीत आजही बहुतांशी तीच आहे. दाता एक ठोक रक्कम विद्यापीठाच्या स्वाधीन करतो. ती रक्कम सुरक्षित रोख्यांत गुंतवितात, मुद्दलास हात लावीत नाहीत, आणि व्याजातून दरसाल शिष्यवृत्ती देतात. कोणत्या विषयात, कोणत्या परीक्षेत, कोणत्या क्रमांकास, हे दात्याच्या इच्छेप्रमाणे ठरते. विद्यापीठाच्या सभा ती देणगी मान्य करतात आणि अटी छापून ठेवतात. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती ही या प्रकाराची सर्वांत विख्यात. 1865 साली नाना शंकरशेट निवर्तले, त्यांच्या स्मरणार्थ ती निघाली. तिची रक्कम किती हे फारच थोड्यांस ठाऊक असे. परंतु ‘शंकरशेट स्कॉलर’ म्हटले की पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांतून माना आदराने लवत. 1912 साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले, तेव्हा ही शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळविली. या रीतीतील दोष मात्र काळाने दाखविला. मुद्दल जागच्या जागी राहते, महागाई राहत नाही. एके काळी वर्षाचा खर्च भागविणारे व्याज पुढे एका पुस्तकाच्या किंमतीवर येते. मान उरतो, अन्न उरत नाही.

आता नाशिकच्याच एका कन्येची हकीकत ऐकावी. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 1866 साली नाशकात झाला. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. डेक्कन कॉलेजात त्या अशा गुणांनी उत्तीर्ण झाल्या की, विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्याकडे चालत यावी. परंतु ती स्त्रीस देता येत नाही, असे त्यांस सांगण्यात आले. गुणांचा क्रमांक त्यांचा होता, वेतन त्यांचे नव्हते. अखेर इंग्लंडातील काही सहृदय मंडळींनी वर्गणी गोळा केली. तीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचेही नाव आढळते. कॉर्नेलियाबाई 1889 साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या, आणि 1892 साली कायद्याची परीक्षा देऊन उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र हाती पडण्यास 1922 साल उजाडले. कारण 1920 सालापर्यंत तेथील विद्यापीठही स्त्रियांस पदवी देत नव्हते.

हा अन्याय निदान उघड होता. त्याहून सूक्ष्म अन्याय जोतीराव फुल्यांनी दाखविला. 1882 साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांविषयी एक मार्मिक गोष्ट मांडली. ज्या वर्गांस शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच या शिष्यवृत्त्यांचा लाभ होतो. चढाओढीने त्या देणे तत्त्वतः न्याय्य दिसले, तरी त्यायोगे इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही. सबब ज्यांच्यात शिक्षण पोहोचले नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या निराळ्या राखाव्यात, असे त्यांचे म्हणणे. शर्यत सर्वांस खुली आहे म्हणून ती न्याय्य होत नाही. कोण कोठून धावू लागला हेही पाहावे लागते. या विचारास सरकारी धोरणात पुरते स्थान मिळण्यास पुष्कळ दशके लोटली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्यांची हिंदुस्थान सरकारची योजना 1944 साली निघाली, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते.

खुद्द बाबासाहेबांचे चरित्र हा या विषयाचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात असता त्यांस बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपये मिळत. 1913 साली महाराजांनी त्यांस अमेरिकेस धाडिले. वेतन दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि अट ही की परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावी. अट वाजवी होती, महाराजांचे मन उदार होते. परंतु 1917 साली बाबासाहेब करार पाळण्यास बडोद्यास गेले, तेव्हा त्या शहरात त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशाच्या वसतिगृहातूनही त्यांस बाहेर काढण्यात आले. राजाने शिष्यवृत्ती दिली, समाजाने बिऱ्हाड दिले नाही. ज्या नाशकात पुढे 1930 साली काळारामाच्या दरवाजापाशी त्यांचा सत्याग्रह झाला, त्या नाशिककरांनी तरी हा प्रसंग विसरू नये.

अटींचा एक अगदी उलट मासलाही याच जिल्ह्यात सापडतो. भगूरचे विनायकराव सावरकर 1906 साली विलायतेस गेले ते शिवाजी शिष्यवृत्तीवर. श्यामजी कृष्णवर्मा यांच्या पुढाकाराने निघालेल्या योजनेत पॅरिसमधील सरदारसिंह राणा यांनी दोन दोन हजार रुपयांच्या शिष्यवृत्त्या देऊ केल्या होत्या, त्यांपैकी ही एक. शिफारस लोकमान्य टिळकांची व शिवरामपंत परांजप्यांची. श्यामजींच्या शिष्यवृत्त्यांची अट अशी की, घेणाऱ्याने इंग्रज सरकारची चाकरी कधी पत्करू नये. ग्रांट साहेबांनी सरकारनिंदेबद्दल वेतन थांबविले होते. येथे सरकारपासून दूर राहण्याबद्दल वेतन मिळत होते. दोन्ही ठिकाणी पैशाबरोबर एक दोरी आलेली दिसते. जमशेटजी टाटांनी 1892 साली निधी स्थापिला, त्यातील दोरी बहुधा सर्वांत सैल: पैसे कर्जाऊ घ्यावेत, शिकून मिळवते व्हावे, आणि फेडावेत, म्हणजे त्यातूनच पुढच्याची सोय होईल.

येथपर्यंत विलायतेच्या गोष्टी झाल्या. परंतु खेड्यातून नाशकास येणाऱ्या मुलाचा पहिला प्रश्न फीचा नसून जेवणाचा आणि निजण्याच्या जागेचा होता. ब्राह्मणाच्या गरीब मुलास माधुकरी होती, वार लावून जेवण्याची सोय होती. कुणब्याच्या मुलास शहरात ओळखीचे घर कोठले? हे जाणूनच शाहू महाराजांनी 1901 सालापासून कोल्हापुरात वसतिगृहे काढविली, आणि त्याच विचाराने 1914 साली नाशकात उदोजी मराठा बोर्डिंग निघाले. त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यास 1920 साली खुद्द महाराज येथे आले होते. मराठा विद्या प्रसारक समाजाच्या आजच्या विस्ताराचे बीज त्या बोर्डिंगात आहे. दोन वेळची भाकरी आणि दिव्याचे तेल हीसुद्धा शिष्यवृत्तीच होय.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. अर्ज संगणकावर भरावयाचे, रक्कम बँकेत जमा व्हावयाची. जन्माचा किंवा स्त्रीत्वाचा अडसर नियमांत उरला नाही. फुल्यांची मागणी कायद्याने मान्य केली आहे. तथापि अध्यापनाच्या व्यवसायात तीस वर्षे घालविल्यावर आम्हास असे दिसते की, जुने दोन प्रश्न मिटले तेव्हा एक तिसरा उभा राहिला: साहाय्य केव्हा द्यावे? आमच्या वर्गातील एका मुलाचा हप्ता त्याची परीक्षा आटोपल्यावर जमा झाला. मंजुरीत चूक नव्हती, कागद सारे बिनचूक होते. एवढेच की, तोपर्यंत तो मुलगा कॉलेज सोडून कामास लागला होता. त्या रकमेची नोंद वहीत ‘दिली’ अशीच झाली असेल. पेशव्यांच्या रमण्यात निदान श्रावण चुकत नसे.

असो. दानाचा निधी झाला, निधीचा हक्क झाला, ही या दोनशे वर्षांची कमाई लहान नव्हे. रानड्यांचे बंद झालेले सहा महिने, कॉर्नेलियाबाईंचा नाकारलेला क्रमांक आणि बाबासाहेबांचे न मिळालेले बिऱ्हाड, इतकी किंमत देऊन ती मिळाली आहे. शिष्यवृत्तीचा कागद पुढे सारणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कुलगुरू असो, कारकून असो वा आमच्यासारखा प्राध्यापक असो, सही करण्यापूर्वी एवढे स्मरावे की त्या कागदापलीकडे कोणी वाट पाहत बसलेला आहे, आणि त्याचे वर्ष आपल्या सवडीसाठी थांबत नाही.