शेंडेनक्षत्र बुडू नये

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने आपले नाव दिले, ते गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो; नाव मात्र आंबेगावचेच राहिले. जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणात याच्या नेमके उलट घडण्याचे भय असते. पुस्तक परत येते आणि त्यातील शब्द बुडतात.

कुमारांसाठीच्या विज्ञानसाहसकथांचा विचार करताना हे भय आम्हांस प्रकर्षाने जाणवते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी 'केरळ कोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा मराठीत अवतरली. पुढे 'फास्टर फेणे'चे जनक आणि १९५१ साली 'बालमित्र' मासिक सुरू करणारे भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरचाच करून टाकले. 'चंद्रावर स्वारी' आणि 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही त्यांचीच देणगी. दुसऱ्या पुस्तकाची मूळ फ्रेंच कादंबरी १८७७ सालची. एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो व भूभागाचा एक तुकडा माणसांसकट उचलून नेतो, अशी तिची कल्पना.

असे पुस्तक नव्याने काढणाऱ्यास दोन मोह पडतात. पहिला, 'शेंडेनक्षत्र' काढून पाठ्यपुस्तकातील 'धूमकेतू' घालण्याचा. दुसरा, विज्ञानाच्या चुका गुपचूप सुधारण्याचा. आमच्या मते दोन्ही टाळावेत. व्हर्नने १८६५ साली आपले प्रवासी तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे धाडले; तो हादरा कोणाही मनुष्यास सोसवला नसता. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तो टप्प्याटप्प्याने वेग वाढविणाऱ्या अग्निबाणाच्या बळावर. मग तोफ का चालत नाही, हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलास पडला, तर चुकीचेही सार्थक झाले. त्यासाठी प्रस्तावना व चार टिपा पुरेत. संहितेस हात लावण्याचे कारण नाही.

शब्दाचेही तसेच. ज्या कोणी आकाशात शेंडी असलेला तारा प्रथम पाहिला, त्याची नजर 'शेंडेनक्षत्र' या शब्दात साठलेली आहे. तो शब्द गाळला, तर ती नजरही गेली.

जुन्नर तालुक्यातील खोडदच्या माळावर महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या उभ्या आहेत. एकूण ३० थाळ्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांपैकी १४ मध्यभागी व उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास तेथील विज्ञान प्रदर्शन पाहावयास शाळांतील मुले मोठ्या संख्येने येतात. तेथे त्यांच्या कानी 'धूमकेतू' पडतो. घरी एखाद्या आजीच्या तोंडी 'शेंडेनक्षत्र' अजून असेल. हे दोन्ही शब्द एकाच वस्तूचे आहेत, हे मुलास सांगणारे पुस्तक त्याच्या शाळेच्या कपाटात असावे, आणि ते भागवतांच्या मूळ शब्दांतच असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.