बाईची हौस आणि दोन चाकं



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली होती. हप्ते जमा झाले होते, वहीवर सह्या झाल्या होत्या, चहा यायचा होता. मी सहज विचारलं, "सायकल किती जणींना येते?" अकरा जणींपैकी सात जणींचे हात वर झाले. मग विचारलं, "गेल्या वर्षभरात कितीजणी सायकलवर बसल्या?" एकही हात नाही. शाळा सुटली, लग्न झालं आणि सायकल भावाकडे गेली. माझीसुद्धा तशीच गेली. बारावीपर्यंत मी रोज चार किलोमीटर जायचे आणि चार किलोमीटर यायचे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले, तर माझी सायकल दूधवाल्याच्या दारात उभी.

आमच्या गटातल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, आता काय काम आहे सायकलीचं? आणि काम नसताना बाई रस्त्यानं सायकल फिरवायला लागली तर लोक काय म्हणतील?"

ते 'काम नसताना' माझ्या डोक्यातून काही गेलं नाही. म्हणून आज मी काम नसताना सायकलवर बसलेल्या बायकांचा इतिहास सांगणार आहे. त्यासाठी आधी सव्वाशे-दीडशे वर्षं मागे, इंग्लंड-अमेरिकेत जावं लागेल. तिथून आपण परत आपल्या देशात येऊ.

सायकल सुरुवातीला पुरुषांचीच होती. 1870 च्या सुमाराची सायकल तुम्ही चित्रात पाहिली असेल. पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच आणि मागचं अगदी लहान. वर चढणं म्हणजे कसरत, आणि पडलं की थेट तोंडावर. तिकडच्या बायकांचे तेव्हा पायघोळ झगे, आत परकरांचे थर, कंबर पट्ट्यानं आवळलेली. त्यांनी तिच्यावर बसायचं कसं?

मग 1885 साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' नावाची सायकल काढली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, पायडल मध्ये आणि चेननं फिरणारं मागचं चाक. आपल्या अंगणात उभी असते ती सायकल तिचीच नात म्हणायची. 1888 मध्ये बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला. त्याआधी चाकाला भरीव रबर असायचं आणि रस्त्यावरचा एकेक दगड कमरेला कळायचा.

बायकाही सायकल विकत घेतील हे दिसल्यावर कारखानदारांनी मधली आडवी दांडी काढली आणि ती खाली वाकवली, म्हणजे झगा अडकणार नाही. चेनवर झाकण आलं, मागच्या चाकाला दोऱ्यांची जाळी आली. लेडीज सायकलला मधली दांडी का नसते, याचं उत्तर हे आहे. विलायती बाईच्या झग्यासाठी ती काढली होती. झगे गेले, तरी सायकलचा तो घाट राहिला. या दांडीकडे आपल्याला नंतर पुन्हा यायचं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. त्या काळी चांगली सायकल अमेरिकेत शंभर डॉलरच्या आसपास मिळायची. कामगाराच्या घरात तेवढे पैसे कुठले? तेव्हा या पहिल्या बायका खाऊनपिऊन सुखी घरातल्या होत्या. पण त्यांनाही बोलणी चुकली नाहीत. काही डॉक्टर म्हणाले, बाई सायकलवर बसली की तोल सांभाळण्याच्या ताणानं तिचा चेहरा कायमचा ओढलेला होतो, डोळे बाहेर येतात. त्याला त्यांनी 'सायकलचा चेहरा' असं नावसुद्धा दिलं. मूल होण्यात अडचण येईल, बाई वाया जाईल, हेही बोलून झालं. आपल्या गावात काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहेच. मी ते इथं माइकवर सांगत नाही.

आता मला जिची गोष्ट सर्वांत जवळची वाटते, ती बाई. फ्रान्सेस विलर्ड. जन्म 1839 चा, अमेरिकेतला. ती सायकल शिकली वयाच्या 53 व्या वर्षी.

विलर्डबाई काही रिकाम्या नव्हत्या. दारूबंदीसाठी झटणारी अमेरिकेतली बायकांची मोठी संघटना होती, 'विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन'. 1879 पासून त्या तिच्या अध्यक्ष होत्या. गावोगाव सभा, भाषणं, पत्रं. आपल्याकडेही बायकांनी मोर्चे काढून दारूची दुकानं बंद पाडली आहेत, तेव्हा हे काम काय असतं ते आपल्याला सांगायला नको. शिवाय ही संघटना मराठी बाईला अगदीच परकी नाही. पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांची आणि विलर्डबाईंची ओळख झाली. 1889 साली रमाबाईंनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात या संघटनेच्या कामाबद्दलही लिहिलं. विलर्डबाईंची सायकल मात्र रमाबाई परत आल्यानंतरची.

विलर्डबाईंचं बालपण शेतावर गेलं. भावासारखं घोड्यावर बसायला वडिलांची परवानगी नव्हती, तर या पोरीनं एका कालवडीलाच खोगीर घालून शिकवलं आणि तिच्यावर बसली! दिवसभर रानात हुंदडायची. सोळावा वाढदिवस आला आणि पायघोळ झगा आला, आवळलेली कंबर आली, केस वर बांधले गेले. धावणं संपलं. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मी वाचलं तेव्हा मला दूधवाल्याच्या दारातली माझी सायकल आठवली.

1892 मध्ये त्यांची आई वारली. आई म्हणजे त्यांचा मोठा आधार होता. कामानं तब्येत खालावलेलीच होती, त्यात हे दुःख. त्या इंग्लंडला मैत्रिणीकडे, लेडी हेन्री सॉमरसेट यांच्याकडे राहायला गेल्या. या मैत्रिणीनं त्यांना सायकल दिली. विलर्डबाईंनी तिचं नाव ठेवलं 'ग्लॅडिस'. आनंद देणारी, म्हणून. आपण नाही का गाईचं नाव ठेवत, तसं.

पुढची गंमत ऐका. पहिल्यांदा तीन धट्टेकट्टे तरुण सायकल धरून उभे, तेव्हा कुठे बाई सीटवर चढल्या. मग दोन्ही बाजूंनी दोन मुली, जोर लावून लावून तोंडं लाल झालेल्या. मग एकच जण बाजूनं चालायला. असं करत करत रोज साधारण पंधरा मिनिटं, तीन महिने. पायडल मारणं, वळणं, उतरणं आणि कुणी न धरता चढणं, या चार गोष्टींना एवढा वेळ गेला. त्यांच्या लक्षात आलं की पडण्याचं कारण पाय नाहीत, भीती आहे. पुढच्या चाकाकडे बघत बसलं की सायकल डगमगते, नजर लांब ठेवली की सरळ जाते. मी आमच्या गटात शिकवताना हेच सांगते. एका 20 जानेवारीला त्या कुणाच्याही आधाराशिवाय एकट्या चढल्या आणि निघाल्या. त्या तारखेला त्यांनी आपल्या आयुष्यातला मोठा दिवस मानला. 1895 मध्ये त्यांनी या सायकल शिकण्यावर छोटं पुस्तकच लिहिलं.

शिकल्या कशासाठी? कामाला जायचं होतं म्हणून नाही. मोकळ्या हवेची ओढ होती, काहीतरी नवं करायचं होतं, आणि आपल्याला बघून दुसऱ्या बायका धीर करतील असं वाटत होतं. आधी एकदा तीनचाकीवरून पडून कोपर चांगलंच दुखावलं होतं, तरी.

ही बाई सगळ्याच बाबतीत थोर होती असं मात्र मी म्हणणार नाही. त्या काळात अमेरिकेत काळ्या माणसांना जमाव पकडून ठार मारायचा. त्याविरुद्ध आयडा बी. वेल्स ही काळी पत्रकार बाई लढत होती. विलर्डबाईंनी काळ्या लोकांबद्दल जी विधानं केली होती, त्यावरून वेल्सबाईंनी 1894 मध्ये त्यांना इंग्लंडमध्ये जाहीरपणे जाब विचारला. तो जाब योग्यच होता. सायकलवरची मोकळीक हवी आणि शेजारणीच्या जिवाबद्दल बोलताना मागेपुढे, हे मला पटत नाही.

त्याच सुमाराला रस्त्यांवर दुसऱ्याही बायका निघाल्या होत्या. 1893 च्या सप्टेंबरमध्ये टेसी रेनॉल्ड्स नावाची सोळा वर्षांची मुलगी इंग्लंडमध्ये ब्रायटनहून लंडनला सायकलनं गेली आणि परत आली. जवळजवळ 190 किलोमीटर, साडेआठ तासांत. आपल्याकडची एसटी मधले थांबे घेत गेली तर किती वेळ लावेल, विचार करा. आणि छापून काय आलं? वेगाचं कौतुक थोडं, पण तिनं झग्याऐवजी गुडघ्यापर्यंतची विजार घातली याचीच चर्चा जास्त. 1897 मध्ये तर केंब्रिजच्या कॉलेजातल्या मुलांनी कहर केला. मुलींना पदवी द्यायची की नाही यावर मतदान होतं. विरोध दाखवायला त्यांनी बाईचा पुतळा करून रस्त्यावर वर टांगला, आणि तो कसा? सायकलवर बसलेला. शिकलेली बाई म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढे सायकलवरची बाईच यायची. तिथे बायकांना पूर्ण पदवी मिळायला 1948 साल उजाडलं.

आता परत आपल्या देशात येऊ. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा दुष्काळी, गरीब जिल्हा आहे. 1991 मध्ये तिथे साक्षरतेची मोहीम सुरू झाली. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. बायकांनी अक्षरं शिकायची तर वर्गापर्यंत जायला हवं, शिकवणारीनं गावोगाव फिरायला हवं. म्हणून मोहिमेत सायकल शिकवणंही घेतलं. बायकांना सायकलीसाठी कर्ज द्या म्हणून बाईंनी बँकांच्या मागे लकडा लावला. गटाच्या कर्जासाठी बँकेत खेटे घातलेल्या बायकांना मी सांगायला नको, हे किती मोठं काम आहे.

शेतमजूर बायका, दगडखाणीत खडी फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या ताई, शाळेच्या बाई, सगळ्या शिकल्या. 1992 च्या महिलादिनाला दीड हजारांवर बायका सायकलींवर झेंडे लावून रस्त्यावर आल्या. पुढे हा आकडा एक लाखाच्या वर गेला. पुरुषांनी टोमणे मारले, घाणेरडं बोलले. बायकांनी सायकल सोडली नाही. लेडीज सायकली बाजारात पुरेनात, तेव्हा बायकांनी जेन्ट्स घेतल्या. आणि काही जणींना तीच जास्त आवडली. का? मधल्या दांडीवर लेकराला बसवता येतं! झग्यासाठी काढून टाकलेली दांडी शंभर वर्षांनी पुदुकोट्टईच्या साडीतल्या बाईनं परत मागून घेतली. या गोष्टीवर मी खूप हसले आणि मग जरा वेळ गप्प बसले.

पत्रकार पी. साईनाथ यांनी या बायकांवर लिहिलं आहे. बसची वाट बघण्यात जाणारा वेळ वाचला, माल विकायला जास्त गावं करता आली, पाणी आणणं सोपं झालं, हे फायदे होतेच. पण पैशाच्या हिशेबापेक्षा मोकळेपणाची, स्वतःच्या हिमतीची गोष्ट मोठी होती, असं त्यांनी नोंदवलं आहे. म्हणजे काकू, कामासाठी घेतलेल्या सायकलवरही हौस मागच्या कॅरेजवर बसून येतेच. मग नुसती हौस म्हणून बसलो तर काय बिघडलं?

आपल्या पुण्याच्या प्रीती मस्के. दोन मुलांची आई, चाळिशीत सायकल हाती घेतली. 2022 च्या जून महिन्यात त्या लेहपासून मनालीपर्यंत 430 किलोमीटर एकट्यानं गेल्या, 55 तास 13 मिनिटांत. आपल्याला मनालीला जायचं नाही. आपल्याला फक्त फाट्यापर्यंत.

तर आमचं आता असं चाललंय. दर रविवारी सकाळी साडेपाचला पाच-सहा जणी शाळेच्या मैदानात जमतो. नवीन शिकणारणीची सीट इतकी खाली करायची की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. पहिले दोन दिवस पायडल मारायचंच नाही, मैदानाच्या उतारावरून पाय उचलून नुसतं घरंगळत यायचं. तोल कळला की पायडल. साडी असेल तर पदर कमरेला घट्ट खोचायचा आणि निऱ्या चेनच्या बाजूला येऊ द्यायच्या नाहीत. येणाऱ्या जणी उजाडल्यावर तळ्यापर्यंत जाऊन येतो, जाऊन-येऊन सात किलोमीटर. एकामागे एक, डाव्या बाजूनं, कारण उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात आणि मागची ट्रॉली वळणावर आत येते.

काकू पहिल्या रविवारी नुसत्या बघायला आल्या. दुसऱ्या रविवारी म्हणाल्या, धरा जरा. आम्ही तिघींनी धरली. मैदानाच्या मधोमध त्यांनी "सोडू नका गं" म्हणून ओरडायला सुरुवात केली तेव्हा आम्ही सोडून बराच वेळ झाला होता. त्या पडल्या, गुडघा खरचटला, हळद लावली. घरी काय सांगितलं ते विचारू नका.

गटाची सायकल एकच आहे, जुनी, आणि तिच्या मागच्या चाकाची हवा रात्रीत जाते. ज्यांच्या घरी पंप असेल त्यांनी येताना घेऊन या.