मिलर्नटोरच्या पायऱ्यांवर

साल 1981. हॅम्बुर्गच्या मिलर्नटोर मैदानात उभ्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर तुम्ही पाय पसरून बसलात, तरी कुणाची वाट अडत नाही. सांक्ट पाउली वस्तीतल्या त्याच नावाच्या क्लबच्या सामन्यांना सरासरी सोळाशे माणसं येतात. पलीकडे महायुद्धातला तोफांचा बुरूज, काँक्रीटचा, काळवंडलेला. दोन वर्षांपूर्वी पैशाच्या तंगीमुळे क्लबचा व्यावसायिक परवाना गेला. आता संघ हौशी गटात खेळतो. याच शहरातला हॅम्बुर्गर एसव्ही दोन वर्षांनी युरोपियन कप जिंकणार आहे. जिंकणाऱ्यांच्या मागे जायचं तर लोक तिकडेच जातील.

मैदानाबाहेर पडून बंदराकडे उतरा. हाफेनश्ट्रासे या रस्त्यावरच्या पाडायला काढलेल्या घरांत या वर्षी काही तरुण शिरले आहेत. विद्यार्थी, पंक, बेकार पोरं. भाडं परवडत नाही, आणि घरं रिकामी पडलेली. यांचा फुटबॉलशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. क्लबच्या कार्यालयातही यांचा विचार कुणी करत नाहीये.

थोडी वर्षं पुढे सरका. दशकाच्या मध्यावर त्याच पायऱ्यांवर आता काळी जाकिटं दिसतात, हातात वस्तीतच तयार होणारी आस्ट्रा बिअर. हॅम्बुर्गर एसव्हीच्या स्टेडियममध्ये उजव्या विचारांच्या टोळ्यांचा जोर वाढलाय, त्याला विटलेले काही जण इथे आलेत. बाकीचे घरापासून चालत. दोन्ही संघांच्या बाकांमागे ते उभे राहतात, तिथून गोलरक्षकापर्यंत आवाज पोचतो. एवढ्यात तुमच्या शेजारी एक झेंडा वर जातो. काळं कापड, त्यावर कवटी आणि दोन हाडं. डॉक माबुझे या नावाने ओळखला जाणारा पंक तो मैदानालगतच्या डोम जत्रेतून घेऊन आलाय. जत्रेतला स्वस्त झेंडा, झाडूच्या दांड्याला ठोकलेला. हात लावून पाहा, कापड अगदी पातळ आहे. पुढे हाच क्लबचा जगभर ओळखला जाणारा ध्वज होणार. तो कुठल्याही जाहिरात कंपनीने सुचवलेला नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

1987 चा नोव्हेंबर. हाफेनश्ट्रासेवर अडथळे उभे आहेत, घरं रिकामी करायला पोलीस कधीही घुसतील. महापौर क्लाउस फॉन डोनान्यी आपलं पद पणाला लावून भाडेकराराची हमी देतात. रहिवासी स्वतःच्या हातांनी अडथळे काढतात. घरं वाचतात. पुढच्याच उन्हाळ्यात संघ बुंडेसलिगात, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत चढतो, आणि आता गोलजाळीपाशी फोल्कर इप्पिग दिसतो. निकाराग्वात मदतकार्य करून आलेला, काही काळ हाफेनश्ट्रासेवरच राहिलेला गोलरक्षक. मैदानात शिरताना तो पायऱ्यांकडे बघून मूठ उंचावतो. तुमच्या शेजारचे ओरडतात ते शेजाऱ्याला हाक मारावी तसे.

संघ वर चढला म्हणून गर्दी वाढली हे खरंच, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण वर चढलेल्या क्लबांच्या डोक्यात मोठमोठ्या कल्पनाही येतात. 1989 मध्ये मिलर्नटोरच्या जागी छप्पर असलेलं भव्य ‘स्पोर्ट-डोम’ बांधायचा बेत पुढे येतो. वस्तीला लगेच कळतं, की आधी भाडी वाढतील, मग माणसं जातील. निषेध म्हणून एका सामन्यात सुरुवातीची काही मिनिटं तुम्ही आणि तुमच्याभोवतीचे सगळे तोंड मिटून उभे राहता. खेळाडूंच्या बुटांचा आवाज ऐकू येतो. बेत रद्द होतो.

त्याच वर्षी प्रेक्षक स्वतःचं मासिक काढतात, ‘मिलर्नटोर रोअर!’. 1991 मध्ये वंशद्वेषी आणि फॅसिस्ट घोषणांवर बंदी घालणारा नियम मैदानाच्या नियमावलीत येतो. मागणी पायऱ्यांवरून आली, क्लबने ती मान्य केली. ज्यांना इतर स्टेडियमांत जायची भीती वाटायची ते आता कुटुंबासह येऊ शकतात. नवे समर्थक हवेत म्हणून पत्रकं वाटणाऱ्या क्लबांनी हा नियम आधी वाचावा असं मला मनापासून वाटतं.

शेवटची उडी, 2003. क्लब पुन्हा कफल्लक आहे, संघ तिसऱ्या श्रेणीत घसरलाय. वस्तीतल्या राइपरबान रस्त्यावरच्या दारूच्या गुत्त्यांत क्लबच्या मदतीसाठी बिअर विकली जातेय. ‘रेटर’, म्हणजे तारणहार, असं छापलेले तपकिरी टी-शर्ट काही आठवड्यांत लाखाहून जास्त खपतात. तुम्हीही एक घेता. संघ तिसऱ्या श्रेणीतून बाहेर पडायला अजून चार वर्षं लागतील. तरीही पुढच्या सामन्याचं तिकीट हवं असेल, तर आत्ताच रांगेत उभे राहा.