जुन्नर-आंबेगावची डोंगरमाती

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या मुख्य रांगेत मोडतो. नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, आहुपे आणि भीमाशंकर या पट्ट्यात जंगलाखालची माती तांबूस-तपकिरी, चिकण आणि दगडगोट्यांनी भरलेली आढळते. पूर्वेकडील नारायणगाव-मंचर परिसरातील काळ्या जमिनीहून ती सर्वस्वी वेगळी आहे. पाणी धरून ठेवणे हा तिचा मुख्य गुण. याच गुणावर येथील जंगल पोसले जाते आणि उताराची घडी मोडल्यास याच गुणामुळे दरड कोसळते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव गाडले गेले, तेव्हा या मातीचा हा दुसरा स्वभाव साऱ्या महाराष्ट्राने पाहिला.

खडकापासून माती

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून येथील बेसाल्ट खडक तयार झाला. कठीण काळ्या पाषाणाचे थर कड्यांच्या रूपाने उभे राहिले. सच्छिद्र, ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार झाले. पावसाचे पाणी खडकाच्या सांध्यांत शिरते, त्यातील खनिजांचे रूपांतर चिकणमातीच्या खनिजांत होते आणि मोकळे झालेले लोह गंजून मातीला तांबडा रंग देते. खडकाच्या ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जातात आणि आत गोल धोंडा उरतो. त्यामुळे या मातीतील दगड आणि चिकण अंश हे बहुतांशी एकाच खडकाची अपत्ये होत. कड्यांवरून घसरून आलेले धोंडे त्यांत भर घालतात. मातीखाली मुरूम आणि त्याखाली अखंड पाषाण असा क्रम सामान्यतः दिसतो.

गुणधर्म

चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. त्यांच्या पृष्ठभागाला पाणी घट्ट चिकटून राहते. घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुन्नर शहरापर्यंत येता येता तो एक हजाराच्याही खाली येतो. घाटमाथ्याच्या जोरदार पावसात चुना व इतर क्षार धुऊन जातात. म्हणून येथील माती किंचित आम्लधर्मी असते, काळ्या मातीइतकी फुगत नाही आणि उन्हाळ्यात तिला तेवढ्या रुंद भेगाही पडत नाहीत. वाहून गेलेले क्षार खालच्या सपाटीवर साचतात आणि तेथे काळी माती आकार घेते. उतारावरील मातीची खोली एकसारखी नसते. कड्यालगत ती वीतभरही नसते, तर घळींमध्ये आणि डोंगराच्या पायथ्याशी घसरून आलेल्या मातीचे जाड थर साचतात. दगडांमुळे नांगर अडतो. पण त्यांच्या कडेने पाणी आत मुरण्यास वाट मिळते आणि वरची माती काही अंशी वाहून जाण्यापासून वाचते.

जंगल आणि शेती

हिरडा, जांभूळ, अंजनी या वृक्षांची मुळे दगडांमधून खोल शिरून मातीला बांधून ठेवतात. पालापाचोळ्यामुळे पावसाच्या थेंबांचा मारा थेट मातीवर होत नाही. आहुपे परिसरातील देवराया आणि भीमाशंकर अभयारण्य येथे हे आवरण बऱ्याच प्रमाणात टिकून आहे. वृक्ष तोडल्यावर मुळे लगेच नाहीशी होत नाहीत. ती काही वर्षांत कुजतात आणि मातीचा आधार हळूहळू सुटतो. तोडीचा परिणाम उशिरा दिसण्याचे हे कारण आहे.

येथील महादेव कोळी समाज उतारावर नाचणी, वरई आणि खुरासणी, तर खाचरांत भात घेत आला आहे. सामूहिक श्रमाने उतारावर बांध घालून खाचरे तयार करण्याच्या पद्धतीस पडकई म्हणतात. दगडांचा बांध आणि पाण्याला मोकळी वाट ही तिची दोन अंगे होत. डोंगर यंत्राने कापला, तर उताराचा पायाच सुटण्याचा धोका असतो.

माळीणचा धडा

संततधार पावसाने चिकणमातीतील पोकळ्या भरतात. खालच्या पाषाणातून पाणी झिरपू शकत नाही. माती जड होते, पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर लोटतो आणि घर्षण घटते. मग माती-खडकाच्या सांध्यावरून सारा थर धोंड्यांसह खाली येतो. माळीणमध्ये त्या सकाळी हेच घडले. गाव जागेवर नसल्याचे एसटीच्या चालकाच्या लक्षात आले, तेव्हा बाहेर वार्ता पोहोचली. १५१ जणांचा मृत्यू झाला. अतिवृष्टीबरोबरच वृक्षतोड व शेतीसाठी केलेले सपाटीकरण यांचीही चर्चा झाली. पडकईच्या कामांना किती दोष द्यावा, यावर मात्र मतभेद राहिले.

आमडे येथील नव्या वसाहतीतील घरे एप्रिल २०१७ मध्ये ग्रामस्थांना देण्यात आली. त्याच वर्षी जूनच्या पावसात तेथील भराव आणि रस्ते काही ठिकाणी खचले. उतार कापून घातलेला भराव हा मूळ मातीपेक्षाही सैल असतो, हे त्यातून दिसून आले. पुढे २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथेही दरडींनी वस्त्या गिळल्या.

धोक्याच्या खुणा

उतारावर आडव्या भेगा पडणे, झाडे व खांब कलणे, घराच्या जोत्याला नव्याने तडे जाणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे अथवा नव्या जागी पाणी फुटणे, ही माती सरकू लागल्याची लक्षणे मानली जातात. अशा वेळी पाऊस थांबण्याची वाट न पाहता वस्ती रिकामी करणे हाच उपाय उरतो. एरवी वरून येणारे पाणी चरांनी बाजूला काढणे, उताराचा पाया न कापणे आणि माथ्यावरचे जंगल राखणे, यांवर या मातीचे स्थैर्य अवलंबून आहे.