‘त्सुत्सुगामुशी’ ज्वर : शब्द, किडा व उंदीर

आपल्याकडील जुन्या पत्रांचीं दप्तरें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस क्षेमकुशलाचा मायना नवा नाहीं. पत्राचा विषय लढाईचा असो कीं सावकारीचा, आरंभीं आपलें कुशल कळवून समोरच्याचें कुशल विचारणें हा शिष्टाचार ठरलेला. पूर्वेकडील देशांतहि तो होता. इ. स. ६०७ सालीं जपानच्या दरबारांतून चीनच्या सुइ सम्राटास गेलेल्या पत्रांत ‘वू-यांग’, म्हणजे पीडारहित आहांत ना, असा कुशलप्रश्न असल्याची नोंद सुइ वंशाच्या इतिहासांत सांपडते. यांतील ‘यांग’ या अक्षराचें जपानी वाचन ‘त्सुत्सुगा’ असें होतें. ‘मुशी’ म्हणजे किडा. हे दोन शब्द जोडून एका प्राणघातक ज्वराचें नांव झालें आहे. आपल्याकडील डॉक्टर त्यास ‘स्क्रब टायफस’ म्हणतात. या ज्वराचें मूळ कसें सांपडलें, आणि त्या कामीं जुन्या लेखांची साक्ष कितपत खरी ठरली, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दाची साक्ष घेऊं. दुसऱ्या शतकांतील चिनी पंडित यिंग शाओ याच्या ‘फेंगसू-तोंग-यी’ ग्रंथाच्या आधारानें असें सांगतात कीं, ‘यांग’ हा एक विषारी किडा. प्राचीन लोक गवतांत उघड्यावर निजत, म्हणून भेटतांच ‘यांग नाहीं ना?’ असें एकमेकांस पुसत. संस्कृतज्ञांस येथें ‘कुशल’ शब्दाची आठवण होईल. ‘कुशान् लाति’, म्हणजे हात कापूं न देतां दर्भ आणतो तो कुशल, असा त्याचा विग्रह करितात. दोन्ही व्युत्पत्ति मनोहर आहेत. परंतु त्यांवर इतिहासाची इमारत उभारतां येणार नाहीं. जपानींत तर ‘त्सुत्सुगा’ याचा पीडा हा अर्थ आधींचा असून किड्यास तें नांव मागाहून मिळालें. तेव्हां केवळ मायन्यावरून रोगाचें प्राचीनत्व ठरविणें युक्त नव्हे.

प्रत्यक्ष पाहून लिहिलेला पुरावा मात्र निराळा आहे. चौथ्या शतकांतील चिनी वैद्य को हुंग याच्या नांवावर असलेल्या ‘चौ-हौ’ नामक औषधसंग्रहांत ‘शा-शी’, म्हणजे वाळूंतील ऊ, हिचें वर्णन येतें. पाऊस पडून गेल्यावर किंवा सकाळच्या वेळीं वाळूंतून व गवतांतून चालणारास ती चिकटते. ती तांबडी व अतिसूक्ष्म असून सुईच्या टोंकानें काढून नखावर ठेवल्यास हालतांना दिसते. पुढें ज्वर व अंगदुखी होते, असा त्याचा आशय आहे. या ग्रंथांत इ. स. ५०० च्या सुमारास ताओ हुंग-चिंग यानें, व ११४४ सालीं यांग युंग-ताओ यानें भर घातली. म्हणून त्यांतील प्रत्येक ओळ को हुंगाचीच असें धरून चालतां येत नाहीं. तरी ऋतु, स्थळ, किडा व ज्वर यांची सांगड त्यांत आहे, आणि ती निव्वळ कल्पनेनें बसविलेली दिसत नाहीं.

असेंच कांहीं आपल्या ग्रंथांत आहे काय, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत अठरा प्रकारचे मूषिक व त्यांच्या विषापासून होणारे ज्वर, सूज इत्यादि विकार सांगितले आहेत. परंतु तेथें विष खुद्द उंदराचें आहे; मध्यस्थ किड्याचा उल्लेख नाहीं. तेव्हां ‘आमच्या आचार्यांस हा रोग ठाऊक होता’ असें या आधारावर म्हणतां येणार नाहीं.

अर्वाचीन शोधाचा आरंभ जपानांत झाला. एचिगो प्रांतांतील शिनानो नदीच्या कांठच्या या ज्वराचें वर्णन हाशिमोतो हाकुजू यानें १८१० सालीं केलें होतें. १८७८ सालीं नीगाता येथील स्कॉटिश डॉक्टर पाम यानें, व १८७९ सालीं जर्मन वैद्य बेल्झ यानें कावाकामी याच्यासह, त्याचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. उन्हाळ्यांत नदी ओसरल्यावर गाळाच्या जमिनींत पिकें काढावयास गेलेले मजूर आजारी पडत व त्यांपैकीं पुष्कळ दगावत. यावरून बेल्झानें त्यास पूरज्वर म्हटलें. शेतकरी मात्र पाण्यास दोष न देतां किड्यास देत. अकिता प्रांतांत तर या किड्याच्या नांवानें लहान देवस्थानें उभी राहिलीं. शेवटीं शेतकऱ्यांचें म्हणणेंच खरें ठरलें. अकितांतील वैद्य तानाका यानें १८९९ सालीं या ‘केदानी’, म्हणजे केसाळ किड्याच्या, रोगाविषयीं जर्मन नियतकालिकांत निबंध लिहिला. रोगाच्या जंतूस १९३० व १९३१ सालीं निरनिराळ्या संशोधकांनीं निरनिराळीं नांवें दिलीं. आजचें ‘ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी’ हें नांव १९९५ पासूनचें आहे. या कामीं प्रयोगशाळेंतच रोग जडून कांहीं संशोधकांस प्राणास मुकावें लागलें, हें विसरतां कामा नये.

आतां उंदराचा विचार करूं. सांपळ्यांत धरलेल्या रानउंदरांच्या कानांत या किड्यांचीं पिलें तांबड्या पुंजक्यांनीं चिकटलेलीं आढळत. उंदरांच्या प्लीहेचा रस पांढऱ्या उंदरांस टोंचतां तेहि आजारी पडत. तेव्हां रोगाचें कोठार उंदीरच, असें वाटणें स्वाभाविक होतें. परंतु किड्याचें जीवनचरित्र उलगडतांच खटल्याचें स्वरूप पालटलें. सहा पायांचें पिलूं जन्मांत एकदांच प्राण्यास चावतें. पुढील दोन्ही अवस्थांत तो आठ पायांचा होऊन मातींत राहतो व बारीक कीटकांचीं अंडीं खातो. एकदांच चावणारा किडा उंदराकडून जंतु घेऊन माणसास लागलाच कसा देणार? उत्तर असें कीं, जंतु मादीकडून अंड्यांत व अंड्यांतून पिलांत उतरतो. म्हणजे कोठार किडाच. उंदीर त्याचा अन्नदाता व वाहक. जेथें उंदीर हिंडतो तेथें तेथें किड्याची वसाहत पडते.

या ज्ञानाचें महत्त्व मलाया व ब्रह्मदेश येथें कळलें. मलायांतील रानटायफस व जपानचा त्सुत्सुगामुशी एकच, असें ल्यूथ्वेट व सावूर यांनीं १९४० सालीं दाखविलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत दुसऱ्या महायुद्धानें इंफाळ व ब्रह्मदेशच्या रानांत फौजा नेल्या. त्यांत मराठा पलटणीहि होत्या. त्या रणभूमीवर या ज्वरानें अनेक शिपाई घेतले. इंफाळ येथें तपास करणाऱ्या ऑडी प्रभृति संशोधकांनीं उंदीर धरले, किडे मोजले, व किड्यांचीं जणूं बेटेंच असतात असें दाखविलें. कांहीं हात लांबीरुंदीचा तुकडा घातक, तर लगतचा निर्धोक. घनदाट अरण्यापेक्षां माणसानें तोडून मग टाकून दिलेल्या जमिनीवर, जेथें गवत माजतें व उंदीर वाढतात, तेथें धोका अधिक. म्हणजे या बेटांचा कर्ता पुष्कळदां मनुष्यच. डायब्युटिल थॅलेट नामक द्रव कपड्यांस लावल्यानें किडे दूर राहूं लागले. आणि १९४८ सालीं क्वालालंपूर येथें क्लोरॅम्फेनिकॉल हें औषध गुणकारी ठरलें.

हा सर्व परदेशचा इतिहास म्हणून बाजूस सारतां येत नाहीं. २०१८ सालच्या पावसाळ्यांत नागपूर व विदर्भांत याच ज्वराची साथ येऊन रोगी दगावले. डॉक्सिसायक्लिनसारखें स्वस्त औषध वेळेवर दिल्यास रोगी बहुधा वांचतो. अडचण ओळखण्याची आहे. किडा चावतो तेथें काळी खपली धरते. पण ती दुखत नाहीं, व कांखेंत किंवा जांघेंत असल्यास रोग्यासहि ठाऊक नसते. ती शोधून पाहणारा वैद्य पाहिजे.

सारांश, तीन साक्षीदारांपैकीं शब्दानें दिशाभूल केली, उंदरानें अर्धेंच सत्य सांगितलें, आणि एका जुन्या औषधसंग्रहांतील चार ओळी खऱ्या निघाल्या. आपल्याकडेहि घराघरांतून वैद्यकीचीं बाडें पडून आहेत. संग्राहक त्यांत काव्य किंवा राजकारण न दिसल्यास तीं बाजूस ठेवितात. पावसाळा, गवत, उंदीर, काळी खपली, चौदा-पंधरा दिवसांचा ताप, असे शब्द एकत्र आलेले कोठें दिसल्यास ती नोंद, बाडाचा काळ व लेखनस्थळ यांसह, उतरून घ्यावी. अर्थ लावण्याची घाई मात्र करूं नये. मजकूर जसा आहे तसा प्रथम प्रसिद्ध व्हावा. निर्णय पुढें वैद्यांनीं करावा. इत्यलम्.